गाडीचे गुण आणि गुण देणारे

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



दरवर्षी या दिवशी कोणी आरोग्यावर बोलते, कोणी मुलांच्या अभ्यासावर. यंदा चिटणीसबाईंनी मला उभे केले आणि विषयही त्यांनीच दिला. म्हणाल्या, "दिवाळीपासून तुम्ही भेटेल त्याला मोटारीबद्दल विचारत फिरता आहात, काय कळले ते आम्हांलाही सांगा." मी सातवीपर्यंत शिकलेली. गाडीचे चाक माझ्या हातात कधी आलेले नाही. परंतु गाडीचे पैसे ज्या डब्यातून जायचे तो डबा माझ्या हातात आहे, आणि तेवढ्याच अधिकाराने मी बोलणार आहे.

गोष्ट अशी की माझ्या थोरल्याला टॅक्सी पासिंगची गाडी घ्यायची आहे. अमरावती-अकोला धंदा करीन म्हणतो. दवाखान्याच्या सवाऱ्या असतात, लग्नसराई असते, शेगावला जाणारे भाविक असतात. काही पैसे सोयाबीनचे, काही माझ्या भिशीचे, आणि बाकी बँकेचे कर्ज. कर्जाचा हप्ता कसा असतो ते तुम्ही जाणताच. गाडी रस्त्यावर असो की मिस्त्रीच्या दारात उभी असो, तो ठरल्या तारखेला येणारच. तेव्हा गाडी दिसते कशी हा आमच्या घरी प्रश्नच नव्हता. गाडी बिघडते किती, एवढेच आम्हांला जाणून घ्यायचे होते.

पोरगा आजकालचा. त्याने मोबाइलवर दोन रात्री जागून तक्ते काढले. सकाळी चहाला बसलो तर म्हणतो, "आई, हे पाय, ह्या गाडीले साडेचार तारे हायेत." मी विचारले, तारे दिले कोणी? म्हणे, लोकांनी. कोणत्या लोकांनी? त्याला सांगता येईना. मग मी त्याला म्हटले की वरचे मोठे अक्षर राहू दे, खालचे बारीक अक्षर वाचून दाखव. तेव्हापासून आमची ही शोधाशोध सुरू झाली.

पहिली गोष्ट ही ध्यानात आली की तारा दिसायला एक असला तरी अर्थ वेगवेगळे. आपल्या फ्रिजवर जे तारे असतात ते वीज किती खातो याचे. २००६ पासून ती पद्धत आहे. पाच तारे असलेला फ्रिज दहा वर्षे टिकेल असे त्यात कोठेही लिहिलेले नाही. तसेच गाडीचे. 'भारत एनकॅप' म्हणून सरकारी तपासणी १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली, तिचे काम पुण्याच्या केंद्रीय रस्ते परिवहन संस्थेकडे आहे. त्यात गाडी ताशी ६४ किलोमीटर वेगाने अडथळ्यावर आदळवून आतली माणसे किती सुरक्षित राहतात ते पाहतात. फार चांगली गोष्ट. पण जी गाडी धडकेत माणूस वाचवते तिची क्लच प्लेट लवकर जात नाही असे काही त्यावरून ठरत नाही. माझा मुलगा हे दोन्ही तारे एकत्र मोजत होता. शोरूममधला मुलगाही तसेच मोजून दाखवीत होता, फक्त त्याला ते माहीत असावे असा मला संशय आहे.

बिघाडाची पाहणी निराळी. ती गाड्या वापरणाऱ्यांना प्रश्न विचारून करतात. अमेरिकेत 'कन्झ्यूमर रिपोर्ट्स' नावाची ग्राहकांची संस्था १९३६ पासून आहे. ती जाहिराती घेत नाही, आणि आपल्या सभासदांना दरवर्षी त्यांच्या गाडीत काय काय बिघडले ते विचारते. आपल्या देशात जे. डी. पॉवर या अमेरिकन कंपनीने बरीच वर्षे अशा पाहण्या केल्या. त्यांची एक पाहणी गाडी घेतल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांची होती, आणि दुसरी अडीच ते साडेतीन वर्षे वापरलेल्या गाडीची. हिशेब शंभर गाड्यांमागे किती तक्रारी असा. जितका आकडा कमी तितकी गाडी चांगली.

ही शंभरामागे मोजण्याची रीत मला पटली. का ते सांगते. आमच्या ओळखीचे एक मिस्त्री आहेत, हात सोन्याचा. त्यांना विचारले तर म्हणाले, "काकू, हे गाडी घेऊच नका. रोज एक तरी येते माह्याकडे." मुलाने लगेच ते नाव यादीतून खोडले. मी म्हटले, थांब. गावात ती गाडी आहे किती? जिकडे पाहावे तिकडे तीच दिसते. समजा पापड लाटताना एकीने दोनशे लाटले आणि त्यातले दहा फाटले, दुसरीने वीस लाटले आणि चार फाटले. फाटलेले पापड तेवढे मोजले तर पहिली वाईट ठरेल, आणि खरे पाहता पहिलीचा हात चांगला आहे. मिस्त्रीला फक्त फाटलेले पापड दिसतात. सरकारी दवाखान्याच्या बाकावर सकाळभर बसले तर साऱ्या अमरावतीला ताप आला आहे असे वाटते, तसेच हे. तेव्हा मिस्त्री कितीही जाणता असला तरी 'कोणती गाडी जास्त बिघडते' हे त्याने सांगू नये. 'बिघडली तर काय बिघडते आणि किती पैसे लागतात' हे मात्र त्याच्याइतके कोणी सांगणार नाही.

मग मी शेजारीपाजारी विचारले. सात घरी गेले. बाप्पा, सातही घरी गाडी एक नंबर! एके ठिकाणी गृहस्थ मला सांगत होते की पाच वर्षांत एक रुपयाचा त्रास नाही, तोच त्यांच्या मंडळी पाणी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "मांगच्या महिन्यात अकरा हजार कोणाले देल्ले मंग?" गृहस्थ म्हणतात, "तो त्रास नव्हता, ते मेंटेनन्स होतं." आता मला सांगा, पाहणीवाल्यांनी या घरी प्रश्नपत्रिका दिली असती तर ती कोणी भरली असती? गाडी ज्याच्या नावावर आहे त्याने. दहा लाख घालून आणलेल्या वस्तूला नाव ठेवणे म्हणजे स्वतःच्या निवडीला नाव ठेवणे. मुलगी दिल्यावर सोयऱ्याला नावे ठेवायला जसे जड जाते तसेच ते. उलट एखाद्याची गाडी लग्नाच्या मुहूर्ताला वाटेत बंद पडली की तो जन्मभर सगळ्यांना सांगत सुटतो. रागावलेला बोलतो, लुब्ध झालेला बोलतो. ज्याची गाडी नुसती बरी चालली आहे तो बोलायच्या भानगडीत पडत नाही, आणि असेच लोक सर्वांत जास्त.

आपण म्हणतो शितावरून भाताची परीक्षा. खरे आहे, पण का खरे आहे? भात एका भांड्यात, एका आचेवर शिजतो, आणि शीत आपण मधले काढतो, वर चिकटलेले काढत नाही. आपल्या शेतकरी घरच्या बायांना पीक कापणी प्रयोग ठाऊक आहे. उत्पन्न किती आले ते ठरवण्यासाठी कोणत्या शेतातला तुकडा कापायचा हे तलाठी आपल्या मर्जीने ठरवीत नाही आणि शेतकरीही पुढे होऊन 'माझे कापा' म्हणत नाही. सर्व्हे नंबर आकड्यांच्या चिठ्ठीने निघतो. सुखात्मे आणि पानसे या दोन मराठी संख्याशास्त्रज्ञांनी १९४० नंतरच्या दशकात आपल्या देशात ही शिस्त घालून देण्यासाठी फार मोठे काम केले. रस्त्याकडेचे हिरवे शेत बघून तालुक्याची आणेवारी कोणी ठरवू लागला तर आपण मोर्चा काढू. मोबाइलवरच्या ताऱ्यांत मात्र ज्याला वाटेल तो पुढे होऊन 'माझे कापा' म्हणत असतो. विकत घेतलेली स्तुतीही तिथे असते. म्हणून तर भारतीय मानक ब्यूरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये अशा अभिप्रायांसाठी एक मानक काढले, पण ते ऐच्छिक ठेवले. ऐच्छिक उपास किती जण धरतात ते आपल्याला ठाऊक आहे.

आणखी एक प्रकार तुमच्यापैकी गाडीवाल्या बायांनी पाहिला असेल. माझ्या दिराची गाडी सर्व्हिसिंगला गेली होती. कोणत्या ठिकाणी ते सांगत नाही. धुतलेली गाडी ताब्यात देताना तिथला मुलगा हात जोडून म्हणाला, "कंपनीचा फोन येईल साहेब, दहापैकी दहा सांगा. नऊ सांगितले तरी माझे कापतात." गाडीच्या दारातून खरखर येत होती ती तशीच होती. पण पोरगा गरीब दिसला, दिराने दहा सांगितले. दिराला मी दोष देत नाही. मीही दहाच सांगितले असते. पण असे दयेचे दहा गोळा करून जो मोठा आकडा जाहिरातीत येतो तो गाडीचा नव्हे आणि कामाचाही नव्हे.

आता आपल्या वऱ्हाडाचे. पाहणी झाली ती ठरावीक शहरांत. समुद्राकाठच्या गावी गंज चढतो, घाटात ब्रेक झिजतात. आपल्याकडे मे महिन्यात अकोल्याला पारा ४५-४६ वर जातो, त्या उन्हात गाडी दवाखान्याच्या बाहेर चार तास उभी राहायची. बॅटरीचे, एसीचे, रबराच्या नळ्यांचे काय होईल ते थंड गावच्या माणसाने दिलेल्या गुणांत कसे दिसेल? रस्त्याचेही तसेच. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोल्याच्या दरम्यान ७५ किलोमीटरचा डांबरी पदर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज बुकात विक्रम झाला. त्याआधी कित्येक वर्षे त्या रस्त्याने आपली कंबर आणि गाडीचे शॉकअप कसे सोलून काढले ते इथे बसलेल्यांना सांगायला नको. २०२० साली त्या रस्त्याने जाणाऱ्याने गाडीला शिव्या दिल्या असतील आणि २०२३ साली दुसऱ्याने तीच गाडी वाखाणली असेल. गाडी तीच होती, रस्ता बदलला.

आमच्या घरापुरते सर्वांत महत्त्वाचे जे निघाले ते मी वहीत हिशेब मांडून काढले, म्हणून थोडे सविस्तर सांगते. पाहणीत गाडीचे वय महिन्यांत मोजतात, बहुतेक उत्तरे देणारे घरगुती वापराचे. घरची गाडी वर्षाला दहा हजार किलोमीटर चालते असे धरा. तीन वर्षांत तीस हजार. माझा मुलगा अकोल्याला जाऊन-येऊन दिवसाला दोनशे किलोमीटर करणार. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर पाच हजार. म्हणजे ज्या तीस हजारांना लोकांची तीन वर्षे लागली ते आमचे सहा महिन्यांत होतात! पाहणीतले 'तीन वर्षे निर्धोक' हे आमच्यासाठी दिवाळी ते अक्षय्य तृतीया एवढेच. त्यापुढे काय होते ते तक्त्यात नाहीच. ते कळले बडनेरा स्टेशनबाहेरच्या चालकांकडून. ज्याची गाडी दोन लाख किलोमीटर गेली आहे त्याला विचारले, आणि त्यालाही 'गाडी कशी आहे' असे नाही विचारले. विचारले, 'गेल्या वर्षी किती दिवस उभी होती, आणि बिल किती झाले?' अशा प्रश्नाला माणूस एक नंबर म्हणून सुटू शकत नाही.

तक्त्यातली आणखी एक खोच. काही पाहण्यांत प्रत्येक तक्रार म्हणजे एक तक्रार. रेडिओचे बटण अडकले ती एक आणि इंजिनाने तेल खाल्ले तीही एक. 'कन्झ्यूमर रिपोर्ट्स'वाले मोठ्या बिघाडाला जास्त वजन देतात, ते मला बरोबर वाटते. तरी एकूण आकडा पाहून समाधान मानू नये. इंजिन, गिअर, एसी, वायरिंग असे वेगळे रकाने दिले असतील तर ते वाचावेत. आणि अगदी नवे मॉडेल असेल तर त्याच्या टिकाऊपणाचे गुण हा अंदाज असतो, त्याच कंपनीच्या आधीच्या गाड्यांवरून बांधलेला. थोरल्या बहिणीचा स्वभाव पाहून धाकटीला मागणी घालण्यासारखे. कधी जुळते, कधी नाही.

जुळ्या गाड्यांची गोष्ट तर गमतीची आहे. मारुतीची बलेनो आणि टोयोटाची ग्लान्झा. २०१९ पासून ही दुसरी बाजारात आहे, आणि ती मारुतीकडूनच तयार होऊन येते. आतून गाडी एकच, नाव आणि मुखवटा वेगळा. अशा जोडीला एखाद्या तक्त्यात वेगवेगळे गुण दिसले तर तो फरक यंत्राचा मानायचा की शोरूमच्या वागणुकीचा, की नावाला भुललेल्या मालकाचा? दोन गाड्यांत दोन-चार गुणांचे अंतर दिसले की मी आता या जुळ्यांची आठवण करते आणि तेवढे अंतर सोडून देते.

माझे हे बोलणे ऐकून कोणाला वाटेल की बाई पाहण्यांच्या विरुद्ध आहेत. तसे नाही. २०२५ साली २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल सगळीकडे आले तेव्हा ऑगस्टमध्ये 'लोकलसर्कल्स'ने लोकांना विचारले, आणि दर तीन पेट्रोलगाडीवाल्यांपैकी दोघांनी विरोध सांगितला. सरकार म्हणाले, ॲव्हरेज पडते पण थोडेच. आमच्या घरी यावर दोन दिवस वाद झाला. माझे म्हणणे असे पडले की लोक नाराज आहेत ही गोष्ट पाहणीने दाखवली आणि ती खरी मानावी. पण ॲव्हरेज किती पडले हे नाराजीवरून मोजता येत नाही. दिराला मी टाकी काठोकाठ भरून किलोमीटर लिहायला लावले, पुन्हा भरल्यावर पुन्हा. एकच गाडी, एकच पंप, तरी दर भरण्याला आकडा वेगळा. कधी एसी, कधी माणसे जास्त, कधी गावातली गर्दी. इतके हलते माप असताना 'मला वाटते पाच टक्के कमी झाले' याला काय अर्थ? आठ-दहा भरण्यांची सरासरी काढली तर काही बोलता येते. म्हणजे मत विचारायचे तिथे पाहणी उत्तम. मोजायचे तिथे वही.

तर आम्ही पाहणीवर कितपत विसंबलो? पाच गाड्यांची यादी होती. जी गाडी निरनिराळ्या पाहण्यांत, निरनिराळ्या वर्षी, सारखी तळाशी दिसली ती आम्ही काढली. तिथे सात घरच्या 'एक नंबर'पेक्षा हजारो अनोळखी माणसांवर मी जास्त भरवसा ठेवला. एक मॉडेल अगदी कोरे होते, तेही काढले. पहिला घास दुसऱ्याने खाऊ द्यावा. एकीचे सुटे भाग नागपूरहून मागवावे लागतात असे मिस्त्रींनी सांगितले, ती गेली. टॅक्सीला गाडी तीन दिवस भागासाठी खोळंबली तर तीन दिवसांची रोजी बुडाली, आणि हे नुकसान कोणत्याच तक्त्यात लिहिलेले नसते. राहिल्या दोन. त्यांच्यात तक्त्यात जी थोडी वर आहे तीच घ्यावी असा मुलाचा आग्रह आहे, कारण ती लाल रंगात मिळते. मी म्हणते वरखाली काही नाही, दोघी सारख्या. जिच्या मालकांची बिले मला आणखी पाहायला मिळतील ती घेऊ. हा निकाल पुढच्या महिन्यात लागेल.

एक माहिती अनेक जणींना नसते ती देते. गाडीत मुळातच दोष असेल तर कंपनीने ती परत बोलावून दुरुस्त करून द्यावी असा नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू आहे, आणि त्यासाठी मालकांच्या तक्रारींची संख्या धरली जाते. म्हणजे आपण मिस्त्रीजवळ कुरकुर केली ती मोजली जात नाही. तक्रार नोंदवली ती मोजली जाते. ग्राहक म्हणून कोठे अडले तर १९१५ या क्रमांकावर फोन करता येतो. पुण्यात १९७४ साली बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत उभी केली तेव्हा हाताशी फोन नव्हते, घरोघर जाऊन माणसे जोडावी लागली.

म्हणून माझी मंडळापुढे एक सूचना आहे, अध्यक्षबाईंची परवानगी मी आधीच घेतली आहे. वाचनालयाच्या टेबलावर दोनशे पानी वही ठेवली आहे. तिच्यात गाडीचे नाव, कोणत्या वर्षाची, किती किलोमीटर, घरची की धंद्याची, गेल्या बारा महिन्यांत किती दिवस उभी आणि किती रुपये लागले, एवढेच रकाने आहेत. गाडी आवडते की नाही हा रकाना मुद्दाम ठेवलेला नाही. ज्यांची गाडी मुळीच बिघडली नाही त्यांनीही लिहायचे आहे, त्यांनी तर आधी लिहायचे आहे. स्कूटर असली तरी चालेल. शनिवारी दुपारी तीन ते पाच मी तिथे बसते. बिले घरच्या माणसांच्या खणात असतात, विचारून आणा. आणि ती सापडत नाहीत असे ते म्हणाले तर रक्कम तुम्हांला आठवत असेलच.